कबुली न मागणारी तपासणी

गरोदर बाई नाव नोंदवायला उपकेंद्रावर येते तेव्हा सिस्टर तिचं वजन घेतात, रक्तदाब बघतात, हिमोग्लोबिन तपासतात आणि त्याच ओघात बोटाला टोचून एचआयव्हीचीही तपासणी करतात. पट्टीवर रक्ताचा एक थेंब, त्यावर बाटलीतल्या द्रावणाचे दोन थेंब आणि पंधरा-वीस मिनिटांची वाट. एकच रेघ उमटली तर पट्टी नीट चालली आणि संसर्ग दिसला नाही. दोन उमटल्या तर खात्रीच्या तपासण्यांसाठी ग्रामीण रुग्णालयाची चिठ्ठी. या सगळ्यात तिला कुणी विचारत नाही की, बाई, तुला एचआयव्ही असेल असं वाटायला तू केलंस तरी काय? तपासणी हा गरोदरपणाच्या कार्डावरचा एक रकाना आहे, चारित्र्याची चौकशी नाही. ही व्यवस्था जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यासारख्या ठिकाणीसुद्धा, अगदी सातपुड्याच्या कुशीतल्या पालच्या बाजूला तडवी-पावरा पाड्यांवरून आलेल्या बाईसाठीही, आपण गृहीत धरतो. बोटातून रक्त घेऊन करायच्या या तपासणीला मोठी प्रयोगशाळा लागत नाही, हे त्यातून केव्हाच सिद्ध झालेलं आहे.

आता त्याच तालुक्यातला एखादा तरुण घ्या, जो स्वतःच्या शिरेत नशेचं इंजेक्शन टोचतो. त्याला हीच पट्टी हवी असेल तर ओपीडीच्या वेळेत ग्रामीण रुग्णालयात जायचं, आयसीटीसीची, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्राची, खोली कुठली ते चारचौघांत विचारायचं आणि समुपदेशकासमोर बसून आपण काय करतो ते सांगायचं. समुपदेशक सज्जन असतो, त्याला प्रशिक्षण असतं, गुप्ततेचा कायदा त्याला बांधून ठेवतो. तरीही व्यवहार असा झाला की तपासणी फुकट, पण कबुली ही तिची फी. राष्ट्रीय पाहणीत २०२१ साली गरोदर बायांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ०.२२ टक्के आढळलं, तर इंजेक्शनद्वारे नशा करणाऱ्यांमध्ये ९.०३ टक्के. म्हणजे चाळीस पट. ज्याला धोका चाळीस पट त्याच्याकडूनच आपण फी घेतो आणि जिला धोका नगण्य तिच्या दारात तपासणी नेतो. बाईच्या दारातली तपासणी कमी करा असं कुणी म्हणणार नाही, तिच्यामुळे हजारो बाळं वाचली. पण तिथे जे तत्त्व चाललं, तेच सुई वापरणाऱ्यांनाही लावता येतं. रावेरसारख्या ठिकाणी तपासणीचा विस्तार करायचा म्हणजे नवी इमारत बांधायची नाही, ही फी काढून टाकायची.

धोका एवढा का, याचं कारण सिरिंजच्या रचनेत आहे. शीर सापडली की नाही हे बघायला टोचणारा दट्ट्या थोडा मागे ओढतो, रक्त नळीत येतं, मग औषध आत ढकललं जातं. पण सुईच्या बुडाशी आणि दट्ट्याच्या टोकाशी थोडं रक्त उरतंच. तीच सिरिंज दुसऱ्याने घेतली की ते उरलेलं रक्त थेट त्याच्या शिरेत जातं. संसर्गित माणसाबरोबर वाटून घेतलेल्या सुईतून दर दहा हजार वेळांमागे सुमारे ६३ वेळा संसर्ग होतो. संसर्गित पुरुषाशी असुरक्षित संबंधात बाईला होणाऱ्या संसर्गाचा आकडा दहा हजारांत सुमारे ८ आहे. त्यात नशेची सुई दिवसातून दोन-तीनदा लागते, आणि बहुधा त्याच चार-पाच मित्रांच्या टोळक्यात. मणिपूरमध्ये १९८९ च्या सप्टेंबरपर्यंत सुई घेणाऱ्यांच्या नमुन्यांत एचआयव्ही सापडत नव्हता. पुढच्या सहा महिन्यांत हे प्रमाण पन्नास टक्क्यांवर गेलं. लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या साथीला गावात मुरायला वर्षं लागतात, सुईवरच्या साथीला एक हंगाम पुरतो. म्हणून इथे उशिरा झालेली तपासणी नुसती उशिरा होत नाही, तोवर खेळ आटोपलेला असतो.

‘आमच्याकडे असं कुणी नाही’ हा पहिला आक्षेप, आणि खरं सांगायचं तर सर्वांत मजबूतही. खानदेश म्हणजे पंजाब नव्हे, मणिपूर नव्हे. रावेरची ओळख केळीची आहे. बऱ्हाणपूर आणि रावेरच्या बाजारातला केळीचा भाव इथल्या शाळकरी पोराला पाठ असतो. मृगबाग आणि कांदेबाग या केळीच्या दोन लागवडी, उत्तरेकडे जाणारे ट्रक, सावदा-रावेरच्या स्टेशनांवरून गेलेल्या वॅगन यांवर तालुक्याचं वर्ष चालतं. इथे सुईवाला कुठून आला?

या प्रश्नाचं एक उत्तर मोजणीच्या पद्धतीत आहे. २०१९ साली दिल्लीच्या एम्सने केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेल्या देशव्यापी पाहणीत इंजेक्शनद्वारे नशा करणारे साडेआठ लाख असल्याचा अंदाज निघाला. एड्स नियंत्रण कार्यक्रमाने ठिकाणं शोधून केलेल्या नकाशा-मोजणीत मात्र हा आकडा सुमारे २ लाख ९० हजार आला. दोन्ही मोजण्या आपापल्या जागी प्रामाणिक आहेत. पहिली घरोघरी आणि माणसांच्या साखळीतून विचारत गेली; दुसरीने अड्डे मोजले. अड्डा म्हणजे पूल, रेल्वेचा यार्ड, बंद गिरणी. अड्ड्यावर ठरावीक संख्या भरली की तिथे स्वयंसेवी संस्थेमार्फत लक्ष्यगट प्रकल्प सुरू होतो, त्यांच्यातलेच सोबती कार्यकर्ते नेमले जातात, नव्या सुया मिळतात, तपासणी होते. मुंबईत संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्ट १९९५ पासून हे काम करत आहे, ते या पद्धतीने उत्तम चालतं. ज्या गावात दहा-पंधरा जण आहेत आणि ते मळ्यातल्या खोलीत, जिमच्या मागे नाहीतर उभ्या ट्रकच्या केबिनमध्ये भेटतात, तिथे अड्डाच नाही. अड्डा नाही म्हणून संख्या नाही, संख्या नाही म्हणून प्रकल्प नाही, आणि प्रकल्प नाही म्हणून तपासणी नाही. तपासणी नाही म्हणून रुग्ण नाही, आणि रुग्ण नाही म्हणून ‘आमच्याकडे असं कुणी नाही’.

दुसरं उत्तर आपल्या भाषेत आहे. महाराष्ट्रात नशेचं चित्र १९८० च्या दशकात ‘गर्द’ने रंगवलं. पुण्यात १९८६ साली मुक्तांगण सुरू झालं ते त्याच लाटेत. ब्राउन शुगर आपल्याकडे मुख्यतः चांदीच्या कागदावर तापवून तिचा धूर ओढला जायचा. ‘गर्दुल्ला’ हा शब्द त्यातून आला आणि त्याच्याबरोबर एक चेहराही: गाल बसलेला, मळकट, फलाटावर पडलेला. गेल्या काही वर्षांत पुण्यासह राज्यात ठिकठिकाणी पोलिसांनी आणि अन्न व औषध प्रशासनाने मेफेंटरमाइनच्या इंजेक्शनांचे साठे पकडले. भूल देताना उतरलेला रक्तदाब वर आणायचं हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळायचं, ते व्यायामाचा दम वाढावा म्हणून जिममध्ये टोचलं जाऊ लागलं. टोचणारा दंडाने भरलेला, आरशात बघणारा, घरचं दूध-अंडी खाणारा. त्याला कुणी गर्दुल्ला म्हणणार नाही, आणि तो स्वतःला तर नाहीच नाही. पेन्टाझोसिनसारखी वेदनाशामकं, ॲव्हिलबरोबर मिसळलेली इंजेक्शनं, पावडर म्हणून घेतली जाणारी एमडी, म्हणजे मेफेड्रोन: पदार्थ बदलत जातात आणि प्रत्येक पदार्थाचा माणूस वेगळा दिसतो. पण आपली विचारपूस अजून फलाटावरच्या माणसालाच शोधते. ‘तुम्ही ड्रग्ज घेता का?’ या प्रश्नाला जिममधला मुलगा मनापासून ‘नाही’ म्हणेल, आणि त्यात तो खोटं बोलत नसेल. ‘गेल्या वर्षभरात डॉक्टर-नर्स सोडून दुसऱ्या कुणी तुम्हाला, किंवा तुम्ही स्वतःला, सुई टोचली का?’ असं विचारलं तर गोष्ट वेगळी. या प्रश्नात आरोप नाही.

लहान गाव म्हणजे सुरक्षित गाव, ही समजूत अमेरिकेतल्या इंडियाना राज्याला महागात पडली. स्कॉट परगण्यातलं ऑस्टिन हे सव्वाचार हजार वस्तीचं गाव, आपल्या हिशेबाने एखादं मोठं खेडं. तिथे वेदनाशामक गोळी विरघळवून टोचण्याची लत पसरली. एचआयव्हीची तपासणी करणारं परगण्यातलं क्लिनिक २०१३ मध्ये बंद झालं होतं. नोव्हेंबर २०१४ पासून वर्षभराच्या आत १८१ जणांना संसर्ग सापडला. सुया बदलून द्यायला राज्याचा कायदा आड येत होता. मार्च २०१५ मध्ये गव्हर्नरांना आणीबाणी जाहीर करून तो बाजूला ठेवावा लागला. नंतर येल विद्यापीठातल्या संशोधकांनी गणिती मॉडेल मांडलं: हीच उपाययोजना २०१३ च्या सुरुवातीला केली असती तर संसर्ग साठाच्या आत राहिले असते, आणि २०११ मध्ये केली असती तर दहाच्या आत. मॉडेल म्हणजे अंदाज हे मान्य. पण दिशा चुकीची नाही. आपल्या देशातलं उदाहरण केरळचं आहे. मलप्पुरम जिल्ह्यातल्या वळांचेरी या छोट्या शहरात २०२५ च्या सुरुवातीला एड्स नियंत्रण संस्थेच्या तपासणीत एक जण सापडला. मग त्याच्या सोबत्यांची तपासणी झाली, आणि मार्चपर्यंत एकाच टोळक्यातले नऊ-दहा जण निघाले. बातमी ‘नऊ जणांना एचआयव्ही’ अशी छापून आली. खरी बातमी ही होती की साखळी नऊवर असताना सापडली.

इथे रावेरच्या शेतकऱ्याला ओळखीची एक गोष्ट आठवते. केळीवर ‘हरण्या’ पडतो, म्हणजे सीएमव्ही नावाचा विषाणू. मावा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. पानावर पट्टे दिसेपर्यंत आजूबाजूची रोपं लागण होऊन बसलेली असतात, म्हणून जाणता माणूस लागवडीपासून पहिले काही आठवडे रोज बागेत फिरतो आणि दिसेल ते रोप उपटून जाळतो. लवकर शोध, रोज शोध, लक्षणाची वाट न बघता शोध. इथवर हा दाखला तंतोतंत लागू पडतो. उपटून जाळण्यापाशी तो मोडतो. आणि गंमत अशी की माणसांच्या बाबतीत आपल्याकडे नेमकं उलटं झालं: शोधाचा भाग टाळला आणि उपटण्याचा उचलला. गोव्यात डॉमिनिक डिसोझा यांनी रक्तदान केलं, त्या रक्ताची तपासणी झाली आणि १९८९ साली पोलीस त्यांना घेऊन गेले. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात बाधितांना सक्तीने वेगळं ठेवण्याची तरतूद होती. क्षयरोग्यांसाठीच्या जुन्या इस्पितळात त्यांना ६४ दिवस कोंडून ठेवलं गेलं. आईने उच्च न्यायालयात दाद मागितली; न्यायालयाने त्यांना बाहेर काढलं, पण कायदा वैध ठरवला. १९९२ मध्ये डिसोझा गेले. रक्तदान करणाऱ्या भल्या माणसाचं तपासणीनंतर असं होतं हे ज्यांनी वाचलं, त्यांपैकी किती जण पुन्हा स्वतःहून तपासणीला गेले असतील?

म्हणून ‘सक्तीच करा ना, व्यसनी पकडला की रक्त घ्या’ ही सूचना, जी पोलीस ठाण्यापासून पारापर्यंत ऐकू येते, ती व्यवहाराच्याच कसोटीवर नापास होते. सक्तीने पकडता येतो तो पकडला गेलेला. बाकीचे आणखी खोल जातात. शिवाय आता कायदाही दुसऱ्या बाजूला उभा आहे. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यात माहितीपूर्ण संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि निकाल फोडता येत नाही. त्यातलं कलम २२ तर प्रत्येक ठाणे अंमलदाराने एकदा वाचावं असं आहे: संसर्गाचा धोका कमी करण्यासाठी राबवलेला उपाय गुन्हा ठरत नाही, आणि कायद्याने स्वतःच उदाहरण दिलंय ते वापरलेली सुई घेऊन नवी देणाऱ्याचं. देणारा दोषी नाही, घेणाराही नाही. अंमली पदार्थविरोधी कायद्यात, म्हणजे १९८५ च्या एनडीपीएसमध्ये, सेवनाला शिक्षा आहे हे खरं. पण त्याच कायद्याचं कलम ६४-अ उपचाराला स्वतःहून येणाऱ्या व्यसनीला खटल्यातून सूट देतं. कागदावर वाट मोकळी आहे. तालुक्याच्या गावात ती कुणाला माहीत नाही, एवढंच.

सुया वाटल्या, तपासणी सोपी केली तर व्यसनाला उत्तेजन मिळेल, या आक्षेपावर फार शब्द खर्च करण्यात अर्थ नाही. कंडोमबद्दल हेच म्हटलं जात होतं आणि सांगलीत ‘संग्राम’ने १९९२ पासून वेश्याव्यवसायातल्या बायांच्याच हातात ते काम देऊन दाखवलं की धंदा वाढला नाही, संसर्ग थांबवता आला. सुईचा तुटवडा असल्याने कुणी नशा सोडल्याचं ऐकिवात नाही. तुटवडा असला की एकच सुई चार जणांत फिरते.

गंभीर आक्षेप खर्चाचा आणि फलश्रुतीचा आहे. शंभर तपासण्यांत एकही बाधित निघाला नाही तर जिल्हा पातळीवरचा अधिकारी दुसऱ्या वर्षी ते बंद करणार, आणि त्याला दोष देता येणार नाही. याला भारतातल्याच एका मोठ्या प्रयोगाचा पुरावा लावून बघू. बावीस शहरांत, त्यांतली बारा सुई घेणाऱ्यांसाठी, निम्म्या ठिकाणी एकाच छताखाली तपासणी, समुपदेशन, सुया, व्यसनाच्या पर्यायी औषधाची गोळी आणि उपचारांची जोडणी अशी केंद्रं काढली गेली. उरलेल्या ठिकाणी नेहमीचीच व्यवस्था. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट एचआयव्ही’त निकाल आला. वस्तीपातळीवर वर्षभरातल्या तपासणीचं प्रमाण केंद्रं असलेल्या शहरांत ३१ टक्के जास्त दिसलं, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक ठाम ठरला नाही. केंद्रात प्रत्यक्ष पाऊल टाकलेल्यांमध्ये मात्र तपासणी झालेल्यांचं प्रमाण न आलेल्यांच्या जवळजवळ साडेतीन पट होतं. आलेले मुळातच जास्त जागरूक असतील अशी शंका रास्त आहे. तरी त्यातून निघतं ते हे की सेवा चांगली होती, पण अपेक्षेपेक्षा कमी लोक दाराशी आले. याच संशोधकांच्या आधीच्या पाहणीत सुई घेणाऱ्या बाधितांपैकी सुमारे ४१ टक्क्यांनाच आपल्याला संसर्ग आहे हे माहीत होतं. म्हणजे मोठ्या शहरातही दार उघडून बसणं पुरत नाही. मग रावेरला निव्वळ एचआयव्हीची पाटी लावलेलं नवं केंद्र काढणं म्हणजे रिकाम्या खुर्च्यांवर खर्च करणंच होईल, आणि आक्षेप घेणारा अधिकारी तिथे बरोबर ठरेल.

याचा अर्थ तपासणी अशा कामाला जोडायची की ज्यासाठी माणूस आपणहून येतो. टोचून टोचून हातावर गळू झालेलं असतं. ते दुखतं, ताप येतो, आणि त्यासाठी तो ड्रेसिंगला येतोच. कावीळ झाली तर येतो. हेपटायटिस सीही सुईतून पसरतो, एचआयव्हीपेक्षा कितीतरी सहज पसरतो, आणि २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्याची तपासणी व उपचार मोफत आहेत. बहुतेकांत बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी तो पूर्ण बरा होतो. ‘लिव्हर तपासून घे’ हे वाक्य मित्र मित्राला चहाच्या टपरीवर सांगू शकतो. ‘एचआयव्ही तपासून घे’ हे नाही सांगू शकत. त्याच टोचण्यातल्या रक्ताच्या दोन थेंबांत दोन्ही तपासण्या होतात. क्षयरोगाच्या प्रत्येक रुग्णाची एचआयव्ही तपासणी आपण वर्षानुवर्षं करतोच, तिथे कुणी भुवया उंचावत नाही. गळू, कावीळ, क्षय, व्यसनमुक्तीची ओपीडी आणि कुठलीही अधिकृत पदवी नसलेल्या ‘डॉक्टर’कडून वारंवार सुई घेतलेला रुग्ण, या पाच ठिकाणी तो सरसकट रकाना आला तर कबुलीचा प्रश्नच उरत नाही. पाचवं नाव मुद्दाम घातलं आहे. उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातल्या बांगरमऊला २०१८ च्या सुरुवातीला तीन डझनांवर लोक बाधित निघाले, आणि संशय होता सायकलवरून फिरून एकाच सुईने इंजेक्शन देणाऱ्यावर. सुई कुणाच्या हातात आहे यापेक्षा ती कितव्यांदा वापरली जाते हे विषाणूच्या दृष्टीने महत्त्वाचं.

लहान गावात गुप्तता टिकत नाही, हा आक्षेप मी मान्य करतो. आयसीटीसीचा टेक्निशियन आत्याच्या गावचा निघतो. बाकावर बसलेला शेजारी विचारतो, ‘काय भाऊ, इकडे कुठे?’ शपथेने हे थांबत नाही, व्यवस्थेने थांबतं. नावाऐवजी सांकेतिक क्रमांक. सर्वसाधारण रक्ततपासणीच्याच खिडकीवर नमुना. आणि हव्या त्या गावी जायची मुभा. रावेरच्या माणसाने भुसावळला नाहीतर जळगावला तपासणी करून घेतली तर ते पळून जाणं समजू नये. बऱ्हाणपूर तर हाकेच्या अंतरावर आहे. पण ते मध्य प्रदेशात. विषाणू अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याने कुठल्याही नाक्याविना जातो, रुग्णाची चिठ्ठी मात्र राज्याच्या सीमेवर अडखळते. दोन्ही राज्यांच्या एड्स नियंत्रण संस्थांनी सीमेवरच्या तालुक्यांपुरती एकच नोंद मान्य केली तरी अर्धं काम होईल. घरी स्वतःच करायच्या तपासणीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्येच केली आणि भारतात तिचे प्रायोगिक प्रकल्प झाले आहेत. तीत गुप्तता पुरेपूर, पण दोन रेघा उमटल्यावर खोलीत एकटा बसलेला माणूस कुणाला फोन करणार? १०९७ हा मोफत क्रमांक पाकिटावर ठळक छापलेला असायला हवा, आणि पाकीट देणारा हात ओळखीच्याचा हवा. हा ओळखीचा म्हणजे सोबती कार्यकर्ता; वळांचेरीत साखळी उघडली ती सोबत्यांच्या तपासणीतूनच.

निकाल बाधित आला तर पुढे काय, यावर निदान आता लाजिरवाणं उत्तर नाही. एप्रिल २००४ पासून एआरटीची, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी, औषधं सरकारी केंद्रांत मोफत आहेत, आणि २०१७ पासून सीडी-४ पेशींचा आकडा खाली जायची वाट न बघता निदान होताच उपचार सुरू करण्याचं धोरण आहे. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचाही सहभाग असलेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने २०११ मध्येच दाखवलं होतं की वेळीच औषधं घेणाऱ्याकडून जोडीदाराला होणारा संसर्ग ९० टक्क्यांहून जास्त घटतो. सुई घेणाऱ्या तरुणांत लग्न झालेले पुष्कळ असतात, आणि त्यांच्या बायकांनी आयुष्यात कधी सुई बघितलेली नसते. आज अशा घरात संसर्गाचा पत्ता बहुधा बायको गरोदर राहिल्यावर, तिच्या कार्डावरच्या त्या रकान्यातून लागतो. आधी तिचा निकाल, मग त्याचा. दोष आधी कुणावर येतो ते सांगायला नको.

राहिला तपासणी शिबिरांच्या वेळेचा प्रश्न, आणि तो वाटतो तितका किरकोळ नाही. झटपट तपासणीच्या किटच्या डब्यावर साठवणुकीचं तापमान छापलेलं असतं, बहुतेकांवर २ ते ३० अंश. रावेरला एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ ला जातो. दुपारी गाडीच्या डिकीत ठेवलेलं किट संध्याकाळपर्यंत भरवशाचं राहत नाही. शिबिरं मात्र सकाळी दहा ते दुपारी दोन अशीच लागतात, कारण कर्मचाऱ्यांची वेळ ती. त्या वेळी मजूर बागेत असतो, ड्रायव्हर झोपलेला असतो आणि जिम बंद असते. लसीच्या आइसबॉक्समध्ये वीस किट, एक टेक्निशियन, एक सोबती कार्यकर्ता, आणि वेळ संध्याकाळी सात ते दहा. उन्हाळ्यात किटलाही तीच वेळ मानवते.